सुगंधी तेलें आणि शरीराचा विसावा

मार्च महिना उजाडला कीं सोलापुरांत दोन ताप एकदम सुरू होतात; एक उन्हाचा व दुसरा परीक्षेचा. या दिवसांत विद्यार्थ्यांचीं डोकीं दुखतात, झोंप उडते, आणि घरोघर कपाळाला बाम चोळला जातो. अलीकडे त्याच्या जोडीला लहान तपकिरी बाटल्यांतून नाना तऱ्हेचीं सुगंधी तेलें बाजारांत आलीं आहेत. लव्हेंडरनें मन शांत होतें, निलगिरीनें सर्दी पळते, पुदिन्यानें बुद्धि तरतरीत होते, असें त्यांविषयीं सांगितलें जातें. त्यांत खरें किती व विक्रेत्याचें किती, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस पारखतां यावें, म्हणून आम्ही या विषयाचा येथें थोडा विचार करणार आहोंत.

प्रथम तेल या शब्दाचाच उलगडा करूं. कागदाच्या एका तुकड्यावर तिळाच्या तेलाचा एक थेंब टाका व दुसऱ्यावर निलगिरीच्या तेलाचा. दोन्ही तुकडे सावलींत ठेवा. दुसऱ्या दिवशीं तिळाच्या तेलाचा डाग जसाच्या तसा दिसेल. निलगिरीचा बहुतेक उडून गेलेला असेल. तीळ, करडई, शेंगदाणा यांचें तेल घाण्यांत दाबून निघतें. तें स्थिर तेल होय. फुलें, पानें, मुळें, साली यांमध्यें जो सुगंधी अंश असतो, तो हवेंत उडून जातो. त्यास बाष्पशील तेल म्हणतात. पहिलें अन्न आहे, दुसरें औषधासारखें तीव्र आहे. नांव एक, पण जात निराळी. आणि पुढें सांगावयाचे बहुतेक धोके हीं दोन एकच समजल्यामुळें उत्पन्न होतात.

हा सुगंधी अंश बहुधा ऊर्ध्वपातनानें काढतात. या रीतीचें चांगलें उदाहरण आपल्या खानदेशांतच आहे. सातपुड्याच्या उतारावर व आसपासच्या रानांत रोशा नांवाचें गवत उगवतें. पावसाळा सरतां सरतां तें फुलावर आलें म्हणजे कापीत, आणि ओढ्याकांठीं भट्ट्या मांडून त्याचें तेल काढीत. ओढ्याचा कांठ एवढ्यासाठीं कीं वाफ निवविण्यास थंड पाणी हवें. गवत व पाणी एका भांड्यांत भरून, झांकण पक्कें बसवून, खालीं जाळ लावावयाचा. वाफ नळीनें थंड पाण्यांतील दुसऱ्या भांड्यांत जाते, तेथें तिचें पाणी होतें व त्यावर तेलाचा तवंग येतो. या तेलांतील मुख्य द्रव्य जिरेनिऑल. तें एकटें उकळावयाचें तर सुमारें २३० अंश सेल्सिअस उष्णता लागते. परंतु पाण्याच्या वाफेच्या सोबतीनें तें शंभर अंशांच्या आंतच वर चढतें. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं याचें कारण आपल्या शिक्षकांस विचारावें.

जिरेनिऑल गुलाबांतहि असतें. त्यामुळें एकोणिसाव्या शतकांत रोशाचें तेल मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राच्या वाटेनें कॉन्स्टँटिनोपलास जाई, आणि बल्गेरियाच्या गुलाबतेलांत त्याची भेसळ होई. एक किलो गुलाबतेलास तीन ते चार हजार किलो फुलें लागतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे भेसळीचा मोह कां होतो तें कळतें. शंभर रुपयांस मिळणाऱ्या शुद्ध म्हणविणाऱ्या गुलाबतेलाच्या बाटलींत काय असेल, याचा हिशेब ज्यानें त्यानें घरीं करावा. सुगंधी तेलाचें मोल पूर्वींहि असेंच होतें. येशूच्या चरणांस मरीयेनें लाविलेल्या जटामांसीच्या तेलाची किंमत योहानाच्या शुभवर्तमानांत तीनशें दीनार सांगितली आहे. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि जटामांसी ही वनस्पति हिमालयांतली.

आतां मनावरील परिणामाकडे वळूं. सुगंधी तेलांनीं उपचार करण्याच्या पद्धतीस अरोमाथेरपी हें नांव गातफोसे नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें दिलें. त्याचा या विषयावरील ग्रंथ १९३७ सालीं निघाला. वासाचा व मनाचा संबंध निकट आहे, यांत संशय नाहीं. मेंदूंत स्मृति व भावना यांचीं जीं केंद्रें आहेत, त्यांच्याकडे वासाच्या मज्जातंतूंची वाट इतर इंद्रियांपेक्षां थेट जाते. पहिल्या पावसानें भिजलेल्या मातीचा वास आला कीं मनुष्यास बालपण आठवतें, तें यामुळेंच. लव्हेंडरसारख्या वासानें चिंता कांहीं अंशीं कमी झाल्याचें कांहीं प्रयोगांत आढळलें आहे. पण हा गुण बेताचाच आहे, आणि त्यानें कोणताहि रोग बरा होतो असें म्हणण्यास आधार नाहीं. न केलेला अभ्यास तर कोणत्याहि तेलानें होत नाहीं!

कित्येकदां यश सुगंधाच्या पदरीं पडतें व काम दुसऱ्यानेंच केलेलें असतें. वाळ्याच्या पडद्याचें पाहा. पडद्यावर पाणी शिंपडलें कीं खोली गार होते व लोक म्हणतात, वाळा थंड. वास्तविक गारवा येतो तो पाणी उडून जातांना हवेंतील उष्णता घेतें म्हणून. सोलापूरची उन्हाळ्यांतील हवा कोरडी, त्यामुळें हा पडदा येथें जसा उपयोगी पडतो तसा दमट कोंकणांत पडत नाहीं. सुवास हा केवळ सोबतीला असतो. मात्र तो सोबतीला असावा, असें आमचेंहि मत आहे.

दिवाळींतील अभ्यंगाचेंहि असेंच आहे. तिळाचें कोमट तेल, नागरमोथा, आंबेहळद, गव्हला कचोरा घातलेलें उटणें, आणि बंबांतलें ऊन पाणी यांनीं जो विसावा मिळतो, त्यांत मोठा वांटा चोळणाऱ्या हाताचा, ऊन पाण्याचा व त्या दिवशीं कोणी घाई करीत नाहीं याचा असतो. येथें आम्हांस एक गोष्ट पालकांच्या, विशेषतः वडील मंडळींच्या, कानांवर घालावयाची आहे. घरांतील सर्वांच्या पाठी चोळणारी जी आई, तिच्या पाठीस तेल कोण लावितो? आपल्या शहरांत सहस्रावधि स्त्रिया दिवसभर मान खालीं घालून विड्या वळतात, आणि उठल्यावर चुलीपुढें बसतात. विसावा ही श्रीमंतांची चैन आहे, अशी त्यांची समजूत आम्हीं अनेकदां ऐकिली आहे. त्यास खर्च तो कितीसा? आपल्याच गांवीं विणलेला टॉवेल ऊन पाण्यांत बुडवून, पिळून, हातास सोसेल इतका ऊन असतां मानेवर दहा मिनिटें ठेवावा, आणि मग मुलीनें किंवा मुलानें तिळाच्या तेलानें खांदे चोळावे. मुलांस हें काम सांगण्यांत कमीपणा मानूं नये. त्या वेळीं तिला कोणी हांक मारूं नये, एवढीच यांतली कठीण अट आहे.

या तेलांत सुगंध हवा असल्यास प्रमाण संभाळावें. एका मिलिलिटरमध्यें सुमारें वीस थेंब मावतात. म्हणजे पांच मिलिलिटरच्या चहाच्या चमच्यांत शंभर. चमचाभर तिळाच्या तेलांत लव्हेंडरचा किंवा रोशाचा एक थेंब घातला कीं शेंकडा एक प्रमाण झालें. मोठ्या माणसाच्या अंगास तेवढें पुरे. चेहऱ्यास त्याच्या निम्मेंच. नुसतें बाष्पशील तेल त्वचेस लावूं नये. प्रथम कोपराच्या आंतील बाजूस मिश्रण थोडेंसें लावून एक दिवस वाट पाहावी. आग किंवा पुरळ उठल्यास तें वर्ज्य समजावें. लिंबाच्या सालीचें दाबून काढलेलें तेल लावून उन्हांत गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते, आणि सोलापुरांत ऊन टाळणें कोणास साधलें आहे? गरोदर स्त्रियांनीं, तसेंच दमेकऱ्यांनीं व फेंपरें येणाऱ्यांनीं, डॉक्टरांस विचारल्यावांचून हीं तेलें वापरूं नयेत.

सर्वांत मोठें भय लहान मुलांस आहे. निलगिरीचें तेल चमचाभर, किंबहुना त्याहूनहि कमी, पोटांत गेल्यानें मुलांस झटके आल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत, कापराचेंहि तसेंच. सर्दी झालेल्या तान्ह्या मुलाच्या नाकाशीं कापूर धरणें किंवा छातीस निलगिरी चोळणें ही चाल कितीहि जुनी असली तरी ती सोडावी. दोन वर्षांखालील मुलांस कापूर व मेंथॉल असलेले बामहि लावूं नयेत. मुलानें असें तेल प्यालेंच, तर त्यास ओकारी काढविण्याच्या खटपटींत वेळ दवडूं नये. तेल फुप्फुसांत जाण्याचा संभव असतो. बाटली बरोबर घेऊन तडक सरकारी किंवा जवळच्या इस्पितळांत जावें. बाटलीवर नांव मोठ्या अक्षरांत लिहून, बूच घट्ट लावून, ती खोकल्याच्या औषधापासून दूर अशा उंच फळीवर किंवा कुलपाच्या कपाटांत ठेवावी. ऊन व चूल यांपासूनहि ती लांब असावी, कारण हें तेल लवकर पेट घेतें.