प्रवेशाचा निबंध व वडील माणसांचें साहाय्य

आपल्याकडे महाविद्यालयांतील प्रवेश बहुधा परीक्षेंतील गुणांवर ठरतो. म्हणून अमेरिकेंतील पुष्कळ महाविद्यालयें गुणांबरोबर निबंधहि मागतात, हें ऐकून कित्येकांस नवल वाटतें. तेथें १९७५ सालीं १५ महाविद्यालयांनीं मिळून ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नांवाचा सामाईक अर्ज सुरू केला. आज तो शेंकडों संस्थांत चालतो व भारतांतील विद्यार्थीहि तो भरतात. त्यांतील मुख्य निबंध २५० शब्दांहून कमी व ६५० शब्दांहून अधिक असूं नये, असा नियम आहे.

एवढ्या थोड्या जागेंत पांडित्य दाखवावयाचें नसतें. गुणपत्रिकेंत जें दिसत नाहीं तें, म्हणजे विद्यार्थ्याचा स्वभाव व विचार करण्याची रीत, त्यांतून कळावी एवढाच हेतु असतो. म्हणूनच वडील माणसांनीं येथें फार जपून साहाय्य करावें.

समजा, एक मुलगा सायंकाळीं वडिलांच्या किराणा दुकानांत बसतो. निबंधांत तो लिहितो, “मला परिश्रमाची आवड आहे.” हें वाक्य कोणीहि लिहूं शकेल. वडिलांनीं तें अलंकारिक करून दिलें, तरी तें पोकळच राहील. त्याऐवजीं त्यांनीं विचारावें, “उधारीची वही लिहितांना तुला कधीं अडचण पडली काय? तेव्हां तूं काय केलेंस? तसें कां केलेंस?” उत्तरांतून कदाचित् असें निघेल कीं, एका वृद्ध गिऱ्हाइकाच्या नांवें चुकून अधिक रक्कम मांडलेली होती. त्यास ठाऊक नसतांहि मुलानें ती आपण होऊन कमी केली. निबंध तेथें आहे!

मुलानें लिहिल्यावर वडिलांनीं पेन्सिलीनें फक्त खुणा कराव्या: येथें अर्थ कळला नाहीं, येथें अधिक सांग. शब्द मात्र मुलानेंच शोधावे. कारण अर्ज पाठवितांना “यांतील मजकूर माझा स्वतःचा व खरा आहे,” असें विद्यार्थ्यास प्रतिज्ञापूर्वक सांगावें लागतें. निबंध दुसऱ्यानें लिहिला, किंवा आजकालच्या यंत्राकडून लिहवून घेतला, तर ही प्रतिज्ञा खोटी ठरते, आणि उच्च शिक्षणाचें पहिलें पाऊलच असत्यावर पडतें.

पालकहो, प्रवेश मिळणें न मिळणें आपल्या हातीं नाहीं. परंतु स्वतःच्या आचरणाकडे पाहून चार खरीं वाक्यें लिहितां येणें, ही विद्या मुलास जन्मभर पुरेल. ती त्याच्या हातून हिरावून घेऊं नये.