रेंज फुल, तरी वायफाय रखडते

शंका : रात्री नऊनंतर आमच्या सोसायटीत वायफाय रखडते. रेंज मात्र फुल दिसते. शेजाऱ्यांचे राउटर ६ नंबरच्या चॅनेलवर आहेत, म्हणून मी माझा ४ वर नेला, तर आणखीच बिघडले. असे का? (डोंबिवली)

समाधान : रेंजच्या दांड्या तुमच्या राउटरचा सिग्नल किती जोरकस आहे एवढेच सांगतात, चॅनेल मोकळा आहे की नाही, हे नाही. वायफायमध्ये प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, शांत वाटले की थोडा वेळ (किती, ते दर वेळी नशिबावर) थांबते आणि मगच पाठवते. पोच आली नाही तर टक्कर झाली असे धरून पुन्हा थांबते, बहुधा आणखी जास्त. रात्री इमारतभर हेच चालते.

आता तुमचा ४ नंबर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेत, पण राउटर व्यापतो साधारण २० मेगाहर्ट्झ. म्हणजे ४ आणि ६ एकमेकांवर चढले. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांना ओळखून पाळी देतात; अर्धवट चढलेल्यांना समोरच्याचा संदेश वाचता येत नाही, तो नुसता गोंगाट ठरतो. त्यापेक्षा गर्दीचा ६ परवडला! १, ६ किंवा ११ घ्या. जमल्यास ५ गिगाहर्ट्झवर जा. तिथे चॅनेल पुष्कळ, शिवाय त्या लहरी भिंतीत लवकर विरतात, त्यामुळे शेजाऱ्यांचा त्रासही कमी. दुकानदार सहा अँटेनांचा राउटर गळ्यात मारायला बघेल, त्याआधी एवढे करून पाहा.

लांबच्या खोलीतला जुना फोनही तपासा. पाळ्या सगळ्यांना सारख्या मिळतात, वेळ नव्हे. त्याच्या संथ पाळीत बाकीचे खोळंबतात.

शंका : मग मोबाइलच्या एका टॉवरवर इतके जण बोलतात, ते का आदळत नाहीत? (सांगली)

समाधान : तिथे पाळ्या टॉवर ठरवतो. टूजीत २०० किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीवर आठ फोन, प्रत्येकाला ०.५७७ मिलिसेकंदाचा तुकडा. फोरजीत वेळ आणि फ्रिक्वेन्सी दोन्हींचे तुकडे पाडून दर मिलिसेकंदाला नवे वाटप होते.

पण ‘मला पाळी हवी’ हे फोनने कळवायचे कसे? तिथे मात्र झुंबडच. फोरजी फोन सहसा ६४ संकेतांपैकी एखादा उचलून पाठवतो. दोघांनी त्याच क्षणी तोच उचलला तर टक्कर, मग थांबून पुन्हा प्रयत्न. ही रीत हवाई विद्यापीठाच्या अलोहा जाळ्यातली. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅम्सन आणि सहकाऱ्यांनी बेटांवरची टर्मिनल रेडिओने होनोलुलूच्या संगणकाला जोडली, ती अशीच. मूळ अलोहात चॅनेलचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागे, बाकीचा टकरींत किंवा रिकामा जाई. तुमच्याकडच्या जत्रेत रेंज फुल असूनही फोन लागत नाही, त्याचे एक कारण हेच.