वॉचमनला न विचारता आलेला टॅब

पडद्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत, मग ते स्टेशनवरचे तिकीट यंत्र असो की सोसायटीच्या गेटवरचा टॅब, पैसे मोजणारा एक आणि रोज हाताळणारा दुसराच, अशी स्थिती बहुतेक वेळा असते. काय हवे, काय नको याची चर्चा पहिल्याशी होते. दुसऱ्याच्या हाती थेट तयार वस्तू पडते. वापरणाऱ्याला आराखड्यापासूनच सोबत घेण्याची पद्धत या अनुभवातून आली. ती टाळली की काय होते, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही.

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमध्ये फेजमागून फेज सोसायट्या उभ्या राहिल्या. गेटवरचे लांबट रजिस्टर तिथे अजूनही अनेक ठिकाणी दिसते. अशाच एका सोसायटीत रजिस्टरच्या जागी टॅब आला. कमिटीच्या बैठकीत विक्रेत्याने भिंतीवर चित्रे दाखवली, अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार सगळ्यांना ती आवडली, ठराव झाला. वॉचमन त्या वेळी खाली ड्युटीवर होता. त्याला वर बोलवावे असे कुणाच्या मनातही आले नाही.

टॅबवर पहिला रकाना पाहुण्याच्या नावाचा होता. मग मोबाइल नंबर, कामाचे कारण, फोटो आणि सर्वांत शेवटी फ्लॅट. वॉचमनचे काम नेमके उलटे चालते. "कुठे जायचंय?" हा त्याचा पहिला प्रश्न. "बी तीनशे चार" ऐकताच हात इंटरकॉमकडे जातो. वरून होकार आला तर नाव लिहायचे, नाही तर माणूस परत जातो आणि लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही. नव्या पडद्याने मात्र परत जाणाऱ्यांचीही नावे टाइप करायला लावली, तीही रोमन अक्षरांत. संध्याकाळी डिलिव्हरीवाल्यांची रांग लागली की मागचा हॉर्न वाजवू लागे. पावसाळ्यात ओल्या बोटाचा स्पर्श काचेला कळेना. थोड्याच काळात रजिस्टर पुन्हा टेबलावर आले आणि टॅब त्याच्याखाली गेला.

खरी गंमत पुढे झाली. सेक्रेटरींच्या मोबाइलवर येणाऱ्या रंगीत आलेखात पाहुण्यांची सर्वांत मोठी गर्दी रात्री अकराच्या सुमारास दिसू लागली. त्या वेळी रात्रपाळीचा वॉचमन दिवसभराच्या नोंदी रजिस्टरमधून एका बैठकीत टॅबमध्ये उतरवत असे. या आलेखाच्या भरवशावर रात्री एक जादा माणूस नेमावा, असा प्रस्तावही बैठकीत आला. चुकीच्या नोंदीपेक्षा तिच्यावर काढलेले सुबक चित्र जास्त महागात पडते, ते असे.

अशा वेळी "आम्ही वॉचमनला विचारलं होतं, तो चांगलं आहे म्हणाला" असे उत्तर हमखास मिळते. कंत्राटदारामार्फत आलेला माणूस कमिटीसमोर दुसरे काय म्हणणार? सामील करून घेणे आणि मत विचारणे यांतला फरक इथे आहे. ज्याची नोकरी समोरच्याच्या हातात आहे त्याचे मत मोकळे नसते. त्याचे काम मात्र पाहता येते.

हा मुद्दा उत्तर युरोपातल्या कामगार संघटनांनी फार लवकर ओळखला होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या धातुकामगारांच्या संघटनेने क्रिस्टन न्यूगार्ड यांच्यासोबत काम केले. 'सिम्युला' या संगणक भाषेच्या दोन जनकांपैकी ते एक. कारखान्यात येणाऱ्या संगणकाबद्दल कामगारांनी स्वतः शिकावे आणि संघटनेची म्हणून भूमिका घ्यावी, असा तो प्रयत्न होता. पुढे १९८१ ते १९८५ या काळात 'युटोपिया' प्रकल्पात वृत्तपत्रांची पाने लावणारे कामगार आणि संशोधक एकत्र बसले. कागदावरची तांत्रिक वर्णने कामगारांच्या पचनी पडेनात. मग पुठ्ठ्याचे आणि प्लायवूडचे संगणक बनवले गेले. लेझर प्रिंटर म्हणून चक्क एक रिकामे खोके ठेवले होते. त्या खोट्या यंत्रांपुढे उभे राहून कामगार खरे काम करून दाखवू लागले, आणि कुठे अडते ते आपोआप दिसू लागले.

महाराष्ट्रातले उदाहरण वारणेचे आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची मोठी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला बाजारभावापासून शिक्षणापर्यंत सर्व काही पडद्यावर मिळावे, असा संकल्प होता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी केंद्रांवर प्रत्यक्ष काय चालते ते पाहिले, तेव्हा वापर मुख्यतः शेतकरी आणि कारखाना यांच्यातल्या देवाणघेवाणीपुरता उरला होता: ऊस किती गेला, खत किती उचलले. एवढ्यासाठी संगणक कशाला? सात गावांत आठ महिने हेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर चालवून पाहिले. ते स्वस्त पडले, सोयीचे ठरले आणि शेतकऱ्यांना जास्त आवडले. आधी पाहणी झाली असती तर बराच खर्च वाचला असता, असे म्हणायला हरकत नाही.

मराठी टायपिंगचे 'स्वरचक्र' हे वापरणाऱ्यापासून सुरुवात केल्याचे चांगले उदाहरण. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ते घडवले आणि २०१३ मध्ये मोबाइलसाठी आणले. कीवर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. 'क' दाबून धरला की त्याच्याभोवती 'का, कि, की, कु' असे चक्र उमटते. शाळेत पाठ झालेला क्रम वापरणाऱ्याजवळ आधीच असतो. पडद्याने तो वापरून घेतला. गेटवरच्या टॅबमध्ये फ्लॅट नंबर सर्वांत आधी यावा, हे म्हणणे त्याच जातीचे आहे.

प्रत्यक्ष काम करताना बनवणाऱ्याने आधी गेटवर बसावे. संध्याकाळी सात ते नऊ आणि पाळी बदलताना, या दोन वेळा चुकवू नयेत. जुने रजिस्टर चाळावे. समासातल्या खुणा, खाडाखोड आणि कायम रिकामे राहणारे रकाने बरेच काही सांगतात. मग पडद्याचा प्रत्येक भाग कागदाच्या तुकड्यावर काढून वॉचमनसमोर ठेवावा आणि एकच काम सांगावे: "तीनशे चारमध्ये प्लंबर आलाय, नोंद करा." त्यानंतर गप्प राहावे. हे गप्प राहणे सर्वांत अवघड जाते. बनवणाऱ्याची जीभ मदतीला धावते आणि चाचणीचे वाटोळे होते. फार माणसे लागत नाहीत. वेगवेगळ्या पाच जणांनी करून पाहिले तरी ढोबळ अडचणी बहुतेक सगळ्या वर येतात. मात्र ती पाच माणसे कमिटीतली पाच नकोत: दिवसपाळी, रात्रपाळी, रोज येणारी कामवाली बाई, डिलिव्हरीवाला मुलगा आणि स्मार्टफोन न वापरणाऱ्या आजी. वॉचमनला ड्युटी संपल्यावर थांबवले, तर त्या वेळेचे पैसे द्यावेत.

चित्ररूप मांडणीला हाच नियम लागू होतो. पाण्याच्या बाबतीत सोसायटीत खरा प्रश्न पुढचे पाणी येईपर्यंत टाकी पुरेल का हा असतो. पंप चालवणारा टाकी फुटांत मोजतो: "चार फूट आहे, सकाळपर्यंत चालेल." त्याला ६२ टक्के दाखवणारी गोल तबकडी देणे म्हणजे त्याच्यावर हिशेबाचा बोजा टाकणे. लाल रंगही जपून वापरावा. मेंटेनन्स थकलेल्यांची नावे सर्वांना दिसतील अशी लाल रंगात झळकवली, तर वसुलीपेक्षा भांडणेच वाढतात.

वापरणाऱ्याची प्रत्येक मागणी मान्य करावी, असा याचा अर्थ होत नाही. फोटो काढायचा कंटाळा वॉचमनला येणारच, आणि सर्वांच्या पाहुण्यांची यादी पाहायची हौस काही रहिवाशांना असणारच. कामवाल्या बाईचा नंबर कुणाला दिसावा आणि किती दिवस साठवावा, हे कमिटीला ठरवावेच लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर त्यात हयगय परवडणारी नाही.

सोसायटीने पुढचा करार करताना एक अट लिहून घ्यावी: दोन्ही पाळ्यांच्या वॉचमननी भर संध्याकाळी, आणि जमल्यास पावसात, नोंदी करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. तोवर रजिस्टर गेटवरच असू द्यावे.