स्ट्रेटनर सोडला, आता पुढे काय?

प्रश्न : माझे केस मुळात कुरळे. कित्येक वर्षं रोज स्ट्रेटनर फिरवला, आता बंद केलाय. पण मुळाशी कुरळे नि खाली झाडूसारखे सरळ, असं झालंय. कुरळेपणा परत येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळाशी कुरळे येताहेत, म्हणजे मुळं शाबूत आहेत. खालच्या भागाचं मात्र तसं नाही. 200 अंशांच्या आसपासची उष्णता वारंवार लागली की केसातलं केराटिनच बिघडतं. ते कुठल्याही मास्कने पूर्ववत होत नाही. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात. तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी टोकं कापत राहा.

धुण्याआधी खोबरेल लावा. ते केसात मुरतं आणि प्रथिनांची झीज कमी करतं. शाम्पू टाळूला, कंडिशनर लांबीला. कंडिशनर असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवा. कुरळा भाग संपून सरळ सुरू होतो, तिथेच केस जास्त तुटतात. तिथे ओढाताण नको. टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती टी-शर्टने टिपा.

लग्नकार्याला स्ट्रेटनर वापरायचाच झाला, तर केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसात पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरतात आणि केस तिथेच मोडतो. केस पुंजक्याने गळत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.