टोकन आधी की कॅमेरा?

प्रश्न : जुना डीएसएलआर ऑनलाइन लिलावातून घ्यायचाय. विक्रेता म्हणतो, ‘आधी टोकन पाठवा, मग कुरिअर करतो.’ पाठवू का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नका पाठवू. आपल्याकडे लिलाव रुजवला तो बाझी डॉट कॉमने. २००४ मध्ये ती ईबेने घेतली आणि २०१८ मध्ये ईबेचं भारतीय संकेतस्थळच बंद झालं. आता मुख्यतः उरल्या त्या जाहिराती. तिथे बहुधा पैसे अडवून धरणारा मध्यस्थ नसतो. ‘बदली झालीय, म्हणून स्वस्तात देतोय’ म्हणत जवानाचं ओळखपत्र पाठवणारे भामटे तर जुनेच.

विक्रेता गावातलाच असेल, तर सीताबर्डी मेट्रो स्थानकासारख्या वर्दळीच्या जागी दिवसा भेटा. स्वतःचं मेमरी कार्ड न्या, फोटो काढून बघा. बिलावरचा आणि बॉडीवरचा क्रमांक जुळवा. शटर काउंट विचारा. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण लाखभर क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार टाका. कोळिष्टकासारखं काही दिसलं, तर ती बुरशी. मग भाव कितीही पाडून दिला तरी घेऊ नका.

पैसे समोरासमोरच द्या. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा.