कमी खर्चात लहान मुलांसोबत उन्हाळी प्रवास आणि तंबूतला मुक्काम



जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आपण सगळेच एक विषय देतो, 'उन्हाळी सुट्टीत मी काय केले'. मीही देते. दोन वर्षांपूर्वी चौथीच्या एका मुलाने वहीत दोनच ओळी लिहिल्या होत्या. "मी कुठे गेलो नाही. म्हणून लिहायला काही नाही." त्याचे आईवडील दोघेही मजुरीला जातात. मी सवयीने खाली लाल पेनाने 'अजून लिही' असा शेरा मारला. वही परत दिल्यावर माझं मलाच कसंतरी वाटलं. काय लिहिणार होता तो?

गंमत म्हणजे त्याच मे महिन्यात आम्ही भाड्याची गाडी करून कोकणात गेलो होतो. दोन दिवसांत तीन ठिकाणं. १४ हजार रुपये खर्च झाले. घाटात धाकट्याला तीनदा उलटी झाली, मोठी चिडून रडली, आणि समुद्रावर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता, वाळूत पाय ठेवता येईना. घरी आल्यावर मुलांना विचारलं, काय आवडलं? दोघांनी एकदम सांगितलं, "पेट्रोल पंपावरचं कुत्र्याचं पिल्लू!" पिल्लू फुकट होतं, हे वेगळं सांगायला नको.

मुलं लहान असली की आपला खर्च वाढतो तो मुख्यतः जास्त बघण्याच्या हव्यासापायी, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला 'पॉइंट' कळत नाहीत. त्याला एका जागी माती, पाणी, किडे आणि मोकळे आईबाबा हवे असतात. म्हणून गेल्या वर्षी आम्ही ठरवलं की एकच ठिकाण, दोन रात्री, एसटीने जायचं आणि तंबूत झोपायचं. ठिकाण निवडलं भंडारदरा. आम्ही सिन्नरकडचे, त्यामुळे आम्हाला ते जवळ. तुम्ही तुमच्या घरापासून तीन-चार तासांच्या आत काय आहे ते पाहा. त्याहून लांब लहान मुलांना नेऊच नये असं नाही, पण पहिल्यांदा नको.

एसटीचं गणित

प्रवासाचा खर्च निम्मा कसा होतो ते आधी सांगते, कारण बऱ्याच पालकांना सवलती माहीत असतात पण त्या एकत्र मांडून कुणी पाहत नाही. एसटीत ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. मुलगी लहान आहे आणि महिलाही आहे म्हणून अर्ध्याचं अर्धं होत नाही, बरं का! हा प्रश्न माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनेच कंडक्टर काकांना विचारला होता. अख्खी बस हसली. ज्येष्ठांचं आधार कार्ड मात्र सोबत ठेवा.

आमचा मार्ग सिन्नर ते घोटी आणि घोटीहून राजूर-अकोलेकडे जाणाऱ्या बसने शेंडी. शेंडी हे भंडारदरा धरणाजवळचं गाव. दोन्ही बसचं मिळून एक पूर्ण तिकीट साधारण १४० रुपये धरा. मिस्टरांचे १४०, माझे ७०, लेकीचे ७०, धाकटा चार वर्षांचा, तो फुकट. एकूण २८०, जाऊन-येऊन ५६०. सवलत नसती तर चौघांचे ११२० झाले असते. घोटीच्या पुढे बस कमी असतात, म्हणून आदल्या दिवशी आगारात फोन करून वेळ विचारून घेतली आणि सकाळी सहाची पहिली बस धरली. दहाच्या आत सावलीत पोचायचं, एवढं एकच वेळापत्रक आम्ही पाळलं.

घाटातल्या उलटीबद्दल दोन शब्द. बस वळणं घेते तेव्हा कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण हलतोय. डोळे मात्र मोबाईलमध्ये किंवा समोरच्या सीटवर असतील तर ते सांगतात की काहीच हलत नाही. हा घोटाळा झाला की मळमळ सुरू होते. म्हणून मुलाला पुढच्या बाजूला खिडकीत बसवा, लांबचा डोंगर दाखवत राहा, निघताना दूध पाजू नका, थोडी कोरडी पोळी किंवा राजगिऱ्याचा लाडू द्या. यंदा एकदाही पिशवी काढावी लागली नाही.

तंबू आणि जागा

तंबू विकत घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. नाशिकहून चार माणसांचा तंबू आम्ही तीन दिवसांसाठी ९०० रुपये भाड्याने आणला. आणल्या दिवशी रात्री तो गच्चीवर लावला आणि चौघे त्यात झोपलो. हे नक्की करा. गच्चीवरच कळलं की एक काठी तडकलेली आहे, धाकट्याला चेन बंद केली की भीती वाटते, आणि रात्री 'शू'ला जायचं तर बॅटरी कुणाच्या उशाशी हवी. हे सगळं जंगलात कळलं असतं तर पहिली रात्र रडण्यात गेली असती.

धरणाच्या काठावर तंबूंचे बरेच कॅम्प आहेत. आम्ही मात्र शेंडीजवळच्या वाडीत एका ओळखीच्या कुटुंबाच्या अंगणात तंबू लावला. दोन कारणं. एक म्हणजे पैसे. जेवणासकट मोठ्या माणसाचे रोज ५०० ठरले, लेकीचे २५०, धाकट्याचे त्यांनी घेतलेच नाहीत. दोन दिवसांचे २५०० झाले. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात, आणि मुलांसाठी काकूंनी वेगळं बिनतिखटाचं वरण. दुसरं कारण म्हणजे पाणी. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, प्रवरेचं पाणी त्यात अडवलंय. काठावरून ते शांत दिसतं, पण तळ कुठे एकदम खोल जाईल सांगता येत नाही. लहान मुलांसोबत धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, घोट्याएवढ्यासुद्धा नाही. काठावरच तंबू असेल तर दोन दिवस आईचा डोळा लागत नाही. अंगणात मात्र मी दुपारी चक्क झोपले.

आता आमची चूक सांगते. दुपारी सावली मिळावी म्हणून आम्ही तंबू आंब्याखाली ठोकला होता. काका गुरं घेऊन आले, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तो तंबू तिथून काढा. संध्याकाळी वारं सुटंल." आम्हाला आभाळात काही दिसत नव्हतं. तरी तंबू हलवला. रात्री साडेनऊला वळीव आला. विजा अशा की मुलं मला चिकटून बसली. सगळं सामान सोडून आम्ही काकांच्या घरात पळालो. सकाळी आंब्याची मनगटाएवढी फांदी तुटून पडलेली होती, नेमकी आधीच्या जागेवर.

मे अखेरीस सह्याद्रीत वळीव येणारच, हे धरूनच जागा निवडा. एकटं झाड, उंच टेकाड, काठ, हे टाळायचं. विजा सुरू झाल्या की तंबूचा काही उपयोग नाही, पक्क्या घरात किंवा दारं-काचा बंद केलेल्या गाडीत जायचं. तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवायची नाही, आग तर लागतेच, पण बंद जागेत विषारी वायू साठतो आणि झोपेत कळतही नाही. बूट घालण्याआधी झटकायचे, विंचू बसतो. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर लेकीला पाठ करून घेतला होता. उन्हाचं म्हणाल तर सकाळी ११ ते दुपारी ४ सावली सोडायची नाही. मूल मलूल वाटलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे थोडंथोडं पाजत राहा. शू गडद पिवळी होतेय का बघा, मुलं तहान लागली म्हणून सांगत नाहीत. शू बंद झाली किंवा मूल बोलेनासं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

काजवे

आम्ही गेलो होतो ते मुख्यतः काजव्यांसाठी. मे संपता संपता आणि जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी, या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे हजारोंनी चमकतात. शाळेच्या सुट्टीतच हा हंगाम येतो, आपलं नशीब. अमावास्येच्या आसपासची तारीख घ्या आणि शनिवार-रविवार टाळा. त्या दोन रात्री गाड्यांची एवढी रांग लागते की काजव्यांपेक्षा हेडलाइटच जास्त दिसतात.

दुसऱ्या रात्री आणखी एका कुटुंबासोबत जीप वाटून घेतली. जीप आणि जंगलाचं प्रवेशशुल्क मिळून आमच्या वाट्याला ९४० आले. जायच्या आधी मुलांना सांगून ठेवलं होतं की काजव्याच्या पोटात एक रसायन असतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला की उजेड पडतो, पण तो उजेड गरम नसतो. उजेड हीच त्यांची बोली. उडणारा नर चमकून विचारतो, मादी चमकून उत्तर देते. आपण बॅटरी किंवा फ्लॅश मारला की त्यांचं बोलणं तुटतं. झाडाच्या अगदी जवळ जाऊन गवतही तुडवायचं नाही, तिथे खालीही काजवे असतात. धाकट्याने हे इतकं मनावर घेतलं की शेजारच्या एका काकांनी मोबाईल काढल्यावर हा ओरडला, "ते बोलतायत ना!" त्या गृहस्थांनी मुकाट्याने मोबाईल खिशात टाकला. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. समोरचं झाड अख्खं विझायचं आणि पुन्हा पेटायचं.

बाकी सगळा वेळ? करवंदं तोडणं, गोठ्यात बसणं, काकूंबरोबर विहिरीवर जाणं. कळसूबाई १६४६ मीटर उंच, ती लांबूनच पाहिली. चार वर्षांच्या मुलाला मे महिन्यात वर न्यायचा हट्ट करू नये. रंधा धबधब्याचंही तेच, तो पावसाळ्यातच बघावा.

हिशेब लेकीकडे होता. एक लहान वही, दोन रकाने. एसटी ५६०, राहणं-जेवण २५००, तंबू ९००, जीप आणि शुल्क ९४०, कुल्फी-चहा-सरबत ४६०. एकूण ५३६०. घरी आल्यावर तिच्या बेरजेत ४० रुपये जास्त निघाले, तिने एक सरबत दोनदा लिहिलं होतं. हातच्याची बेरीज मी वर्गात वर्षभर शिकवते, पण स्वतःची चूक शोधायला कुणी मूल एवढा वेळ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

पण त्या मुलाचं काय, ज्याने दोन ओळी लिहिल्या? ५३६० रुपये माझ्यासाठी 'कमी' आहेत. त्याच्या घरी तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो. 'बजेट सहल' हा शब्द आपण पगारदार माणसं फार सहज वापरतो. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये, सुट्टी लागायच्या आधी, मी वर्गाला निबंधाचा विषयच आधी सांगितला आणि बदलला. 'सुट्टीतली एक रात्र घराबाहेर'. अंगणात, गच्चीवर, मळ्यात, मामाच्या गावी, कुठेही, पण मोठं माणूस सोबत हवं. कसं बघायचं तेही सांगितलं. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की ठळक नारिंगी तारा लागतो, ती स्वाती. आणखी पुढे गेलं की पांढरी चित्रा. आग्नेयेला खाली वृश्चिक वर येत असतो, त्याचा लालसर तारा ज्येष्ठा. याला तिकीट नाही, तंबूही नको, एक सतरंजी पुरते.

तो मुलगा आता पाचवीत, आमच्याच शाळेत. जूनमध्ये त्याने दीड पान लिहिलं. वडील मळ्यात राखणीला जातात, त्यांच्यासोबत तो तीन रात्री राहिला होता. स्वाती सापडली, चित्रा सापडली नाही. रात्री कुत्री भुंकायला लागली तेव्हा वडिलांनी बॅटरी मारली, बांधावर कोल्हा उभा होता. "त्याचे डोळे हिरवे दिसले आणि माझ्या वडिलांना भीती वाटत नाही," असं लिहिलंय. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या मी दुसऱ्या दिवशी दाखवल्या.

शिक्षकांनी वर्गात घेण्यासाठी एक उदाहरण देते. पूर्ण तिकीट १४० रुपये आहे. आजोबा ७७ वर्षांचे, आजी ६८ वर्षांची, आई, १३ वर्षांचा दादा आणि ७ वर्षांची छकुली एसटीने निघाले, तर जाण्याचे किती पैसे लागतील? बाबा मागाहून आले तर किती वाढतील? उत्तर काढून झालं की मुलांना आपापल्या घरातल्या माणसांची वयं घालून तेच गणित पुन्हा करायला सांगा.