विजेचा दाब आणि घरचीं यंत्रें

पदार्थविज्ञानाच्या तासाला विद्यार्थी 'व्होल्ट' हा शब्द शिकतात व परीक्षेंत त्याची व्याख्याही बिनचूक लिहितात. परंतु घरीं पंख्याच्या किंवा पंपाच्या पाटीवर तोच शब्द छापलेला असतो, तिकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीच्या मुलखांत ह्या हेळसांडीची किंमत रोख मोजावी लागते. रब्बीच्या हंगामांत गव्हा-हरभऱ्याला पाणी देण्याच्या ऐन वेळीं मोटार जळाली, तर ती दुरुस्त होऊन येईपर्यंत पीक वाट पाहत बसत नाहीं. म्हणून विजेच्या दाबाचा विचार ह्या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दाब म्हणजे काय तें पाहूं. माडीवरील टाकीचें पाणी नळांतून जोरानें येतें. जमिनीलगतच्या टाकीचें संथ येतें. विजेच्या ठिकाणीं ह्या जोरास दाब म्हणतात व तो व्होल्टांत मोजतात. तारेंतून वीज किती वाहते, तो प्रवाह. त्याचें माप अँपिअर. विजेची शेगडी किंवा इस्त्री घेतली, तर दाब व प्रवाह ह्यांच्या गुणाकारानें तिची शक्ति वॅटांत मिळते.

वीजकेंद्रापासून घरापर्यंत येतांना हा दाब अनेक वेळां बदलतो. शेजारच्या अकोला जिल्ह्यांत पारस येथें औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथें २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा केंद्रांची वीज दूरवर नेतांना दाब १,३२,००० किंवा २,२०,००० व्होल्टांपर्यंत चढवितात. ह्याचें कारण सोपें आहे. दाब दसपट केला कीं तितक्याच शक्तीसाठीं प्रवाह एकदशांश पुरतो, आणि तारा तापून होणारा नाश एकशतांशावर येतो. पुढें दाब उतरवीत उतरवीत ३३,००० व ११,००० व्होल्टांवर आणतात. शेवटीं गांवाजवळचें रोहित्र, ज्यास आपले शेतकरी 'डीपी' म्हणतात, तो आणखी उतरवितें. तेथून निघणाऱ्या तीन फेजांच्या तारांपैकीं कोणत्याही दोहोंमध्यें सुमारें ४०० व्होल्ट असतात, आणि एक फेज व न्यूट्रल ह्यांमध्यें २३०. तीन फेजांच्या पंपास पहिला दाब मिळतो, घरच्या दिव्यास दुसरा.

आतां अडचण कोठें येते तें पाहा. प्रत्येक तार प्रवाहास थोडा तरी विरोध करिते. समजा, रोहित्रापासून एका घरापर्यंत जाण्यायेण्याच्या तारेचा विरोध एक ओहम आहे. तींतून १० अँपिअर वाहिले तर १० व्होल्ट वाटेंतच खर्च होतात व घरीं २२० पोहोंचतात. परंतु त्याच तारेवर अनेकांचा भार पडून प्रवाह ५० अँपिअर झाला, तर घरीं १८० च उरतात. म्हणून रोहित्रापासून दूरच्या घरीं, आणि भार वाढण्याच्या वेळीं, दिवे मंद होतात. १९५६ च्या विद्युत् नियमांत अशा दाबांत शेकडा ६ इतकाच चढउतार मान्य केलेला होता. म्हणजे २३० चे फार तर २४४, आणि कमींत कमी २१६.

कमी दाबाचा परिणाम सर्व उपकरणांवर सारखा होत नाहीं, हें विशेष ध्यानांत ठेवावें. १,००० वॅटची शेगडी १८० व्होल्टांवर सुमारें ६१० वॅटच देते. पाणी उशिरा तापेल, पण शेगडीची हानि होणार नाहीं. मोटारीची गोष्ट उलट आहे. विहिरीचें पाणी तितकेंच वर चढवावयाचें असल्यामुळें ती कमी दाबावर अधिक प्रवाह ओढते व तापते. शिवाय चालू होतांना तिचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणें घटतो. ती नुसती घुमत राहिली आणि फिरली नाहीं, तर नेहमींच्या कित्येक पट प्रवाह तिच्या वेटोळ्यांतून वाहतो, आणि थोड्याच वेळांत वेटोळें जळतें. घुमणारी मोटार तत्काळ बंद करावी. पुनः पुनः कळ दाबून पाहूं नये.

अधिक दाबही तितकाच घातक आहे. न्यूट्रलची तार तुटली, तर दोन फेजांवरील घरें ४०० व्होल्ट आपसांत वांटून घेतात. ज्या घरीं भार थोडा, तेथें दाब भलताच चढतो. कांहीं दिवे एकाएकीं प्रखर व कांहीं मंद झाले, तर हीच शंका घ्यावी, मुख्य कळ बंद करावी आणि वायरमनला कळवावें. खांबावर स्वतः चढूं नये.

परदेशांतून कोणी आप्त यंत्र आणतात, तेव्हांही पाटी वाचावी. अमेरिकेंत घरगुती दाब १२० व्होल्ट आहे, जपानांत १००. अमेरिकेची १,००० वॅटची इस्त्री आपल्या २३० वर लावली, तर ती क्षणभर सुमारें ३,६७० वॅट ओढील व जळून जाईल. पिना बदलणारा जोड दाब बदलीत नाहीं. त्यास योग्य क्षमतेचें रोहित्रच हवें. भ्रमणध्वनीच्या चार्जरवर '१०० ते २४०' असें लिहिलेलें असतें, म्हणून तो दोन्हींकडे चालतो.

घरीं स्टॅबिलायझर ठेवणें चांगलें. परंतु त्याच्याही मर्यादा त्याच्या पाटीवर असतात, आणि तो नवी वीज निर्माण करीत नाहीं. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार घालणें, हें तर पहारेकऱ्यासच झोपविणें होय.

शेवटीं एक गोष्ट पालकांसही सांगावीशी वाटते. रोहित्र सर्वांचें असतें. तारेवर आकडा टाकणारा केवळ वीज चोरीत नाहीं. तो त्याच तारेवरील शेजाऱ्याचा दाब उतरवितो, त्याची मोटार धोक्यांत घालतो आणि त्याच्या मुलाच्या अभ्यासाचा दिवा मंद करितो. तुटलेल्या किंवा उघड्या तारेस हात लावूं नये, हा नियम तर लहान मुलांसही पाठ असावा. विद्यार्थ्यांनीं आजच घरांतील प्रत्येक यंत्राची पाटी वाचून व्होल्ट व वॅट वहींत टिपून ठेवावे. शाळेंत शिकलेल्या व्याख्येचा घरास उपयोग व्हावा, ह्याहून त्या शिक्षणाचें सार्थक दुसरें कोणतें?